बागेसाठी कुत्रा आणण्याआधी माळी परत बोलवा

हैदराबादच्या जामबाग, कोठी आणि सुलतान बाजार परिसरातल्या शिक्षणसंस्था, देवस्थानं व सोसायट्यांच्या विश्वस्त मंडळींना, तसंच महानगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला,



माकडांनी बाग ठेवली नाही, म्हणून आवारात एक दांडगा परदेशी कुत्रा आणून सोडावा, असा विषय आपल्यापैकी एका मंडळाच्या बैठकीत निघाला आणि बहुतेकांना तो पटला. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण हीच चर्चा आता आजूबाजूच्या दोन-तीन आवारांतही ऐकू येते. माकडांचा त्रास खरा आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच खुडल्या जातात, पेरू एकेक चावा घेऊन टाकून दिले जातात, कुंड्या गच्चीवरून खाली येतात. पोरांच्या हातातले डबेसुद्धा सुटत नाहीत. पण कुत्रा हा त्यावरचा इलाज आहे असं मानून आपण ठराव करणार असाल, तर त्याआधी माझं म्हणणं कृपा करून ऐकून घ्या.

आपल्यापैकी पुष्कळांची मुळं मराठवाड्यात आहेत. लातूर, बीड, नांदेडकडच्या शेतांत जागलीला जाणारा माणूस आपल्या घरात कुणी ना कुणी होऊन गेलेला आहे. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक राखायला माणूस माळ्यावर बसायचा, हाताशी गोफण असायची आणि माळ्याखाली कुत्रा. कुत्र्याचं काम चाहूल घेऊन भुंकण्याचं, जनावर हुसकायचं काम माणसाचं. धनगराच्या वाड्यावरही तेच. लांडग्याने नरडं धरू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात काटेरी पट्टा असतो, पण कुत्रं भुंकलं की धनगर काठी घेऊन उठतो. माणूस घरी पाठवायचा आणि राखण एकट्या कुत्र्यावर सोपवायची, ही पद्धत आपल्याकडे कधीच नव्हती.

बाहेरच्या जगातलंही एक उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. तिथले छोटे पेंग्विन कोल्ह्यांनी इतके मारले की 2005 साली दहासुद्धा उरले नव्हते. 2006 पासून तिथे मरेम्मा जातीचे राखणीचे कुत्रे नेऊ लागले आणि पेंग्विनांची संख्या पुन्हा शंभरावर गेली. ही गोष्ट फार गाजली, तिच्यावर सिनेमाही निघाला. पण त्या कुत्र्यांना बेटावर नेणारी-आणणारी, त्यांना शिकवणारी माणसं आहेत. 2017 मध्ये कुत्रे बेटावर नसताना कोल्हे शिरले आणि शंभराहून जास्त पेंग्विन मारले गेले. शिवाय कोल्हा जमिनीवरून येतो. माकड आपल्याकडे वायरीवरून, पत्र्यावरून, शेजारच्या कठड्यावरून येतं.

आमच्या गल्लीत एका गच्चीवर हा प्रयोग चालू आहे, म्हणून जे रोज दिसतं ते सांगतो. कुत्रा खूप मोठा, अंगावर दाट केस, थंड मुलखातल्या जातीचा. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला तो साखळीने बांधलेला असतो. पहिले काही दिवस त्याच्या आवाजाने टोळी बिचकली. मग एका जाडजूड नराने कठड्यावर बसून साखळी कुठपर्यंत पुरते ते पाहून घेतलं. आता तो त्या हद्दीच्या हातभर पलीकडे बसतो आणि दात विचकतो. कुत्रा झेपावतो, पट्ट्याने मान आवळली जाते, तो मागे पडतो, पुन्हा झेपावतो. तेवढ्यात माद्या आणि पिल्लं दुसऱ्या बाजूने उतरून टोमॅटो घेऊन जातात. साखळी घासून घासून स्लॅबवर अर्धगोल पांढरा पट्टा उमटला आहे. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याच स्लॅबवर तो एकेक पाय आलटून पालटून उचलत उभा असतो. पाण्याचं पातेलं त्याच्याच धडपडीत पालथं झालेलं असतं आणि संध्याकाळी कुणी वर येईपर्यंत ते तसंच राहतं.

जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला हिंडवायला न नेणं, हे दोन्ही 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे गुन्हे आहेत. पहिल्यांदा सापडलं तर दंड 10 ते 50 रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? म्हणून महानगरपालिकेला माझी विनंती आहे की कुत्र्याचा परवाना देताना तो कशासाठी पाळला जातोय आणि कुठे ठेवला जाणार आहे, हे प्रत्यक्ष येऊन पाहा.

साखळी नको, मोकळा सोडू, असं कुणी म्हणेल. मग तो शाळेच्या, देवळाच्या आवारात मोकळा असणार. काँगल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड, सेंट्रल एशियन शेफर्ड ही नावं बैठकीत घेतली गेली. डोंगराळ कुरणांत लांडग्या-अस्वलांपासून कळप राखायला माणसाने शतकानुशतकं घडवलेल्या या जाती. पिल्लू असल्यापासून ते मेंढरांत वाढतात आणि मेंढरांनाच आपलं कुटुंब मानतात. अनोळखी माणसावर संशय घेणं त्यांच्या रक्तात असतं, रात्रभर भुंकणं हे त्यांचं काम असतं. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने ज्या 23 जातींच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं, त्या यादीत ही चारही नावं होती. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं, आणि सरसकट बंदी मलाही योग्य वाटत नाही. पण ज्या आवारात दिवसभर पालक, फुलवाले, पोस्टमन, परीक्षेला आलेली परगावची मुलं ये-जा करतात, तिथे असा कुत्रा सोडणं हा त्या मुलांच्या जिवाशी खेळ आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये अंबरपेठेत चार वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांनी जीव घेतला. ती कुत्री भटकी होती हे खरं, पण अंबरपेठ आपल्यापासून किती लांब आहे? शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारांतून भटकी कुत्री हटवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. तो भटक्यांपुरता आहे. म्हणून पाळलेला मोठा कुत्रा आपण स्वतः आत आणावा का?

आणि मोकळ्या कुत्र्याचंही माकडांपुढे चालतंच असं नाही. डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ देशभर गाजलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती आणि पिल्लं वरून पडून मरत होती. मेलेल्या पिल्लांचे जे मोठाले आकडे छापून आले त्यांवर माझा विश्वास नाही, पण वनखात्याला येऊन दोन वानरं पकडावी लागली, हे घडलेलं आहे.

माकडं इथे का येतात, याचं उत्तर रस्त्यावर पडलेलं आहे. मोझमजाही मार्केटची सडकी फळं, फुलांच्या दुकानांतले टाकून दिलेले हार, कोठीच्या ठेल्यांवरची उष्टी पानं सकाळपर्यंत तशीच पडून असतात. पुण्य म्हणून केळी आणि चणे टाकणारे भाविक वेगळेच. त्यांना समजावायचं काम देवस्थानांच्या विश्वस्तांनीच करायला हवं, दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत. झाकणाचे डबे आणि रात्रीची उचल हे महानगरपालिकेचं काम. माकडांच्या नसबंदीसाठी राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये निर्मळ जिल्ह्यात चिंचोलीजवळ केंद्र सुरू केलं आहे. आपल्या भागातली टोळी तिथे न्यावी म्हणून वनखात्याकडे सगळ्या संस्थांनी मिळून एक अर्ज द्यायला हवा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ज्या संस्थेत हा विषय निघाला, तिथे माळी होता. पगार परवडत नाही म्हणून त्याला कमी केलं. तो असेपर्यंत माकडं येत नव्हती असं नाही. पण तो काठी आपटत फिरायचा, पिकलेला पेरू झाडावर राहू द्यायचा नाही, भाजीच्या वाफ्यांवर जाळी घालायचा आणि पोरांना डबे वर्गातच खायला लावायचा. चांगल्या जातीच्या कुत्र्याची किंमत, त्याचं खाणं, लसी आणि डॉक्टर यांचा खर्च मांडा आणि शेजारी माळ्याचा पगार मांडा. मग ठरवा.

माळी आल्यावरही सोबतीला कुत्रा हवाच असेल, तर गल्लीतला, नसबंदी झालेला, दरवर्षी रेबीजची लस घेणारा आणि माळ्याच्या हातचं खाणारा एखादा गावठी कुत्रा सांभाळा. दिवसा त्याला पोरांपासून लांब, सावलीत, हिंडता येईल अशा कुंपणात ठेवा आणि फाटक बंद झाल्यावर मोकळा सोडा. परवाना त्याचाही काढा.

पुढच्या बैठकीत हा विषय ठरावाला येणार आहे असं कळतं. त्या बैठकीला माळ्याला बोलवा आणि बाग कशी राखायची हे आधी त्याला विचारा.

आपला,
जामबागेतील एक रहिवासी