सांधे, गर्भ आणि नोंदवहीतील एक रकाना

डोहाळेजेवणाच्या सुमारास कासाराला घरी बोलावले जाते, तो गर्भवतीचा हात आपल्या हातात घेतो, बोटे जुळवून अंगठा तळव्याकडे मुडपतो, आणि एकेक हिरवी बांगडी पेरांवरून हलकेच मनगटावर उतरवतो. हा एवढा साधा संस्कार आमवाताने ग्रासलेल्या स्त्रीच्या बाबतीत किती बिकट होऊन बसतो, हे सुजलेल्या सांध्यांचा हात ज्याने जवळून पाहिला आहे त्यालाच कळेल. बोटांच्या मुळाशी सांधे फुगून आलेले असतात, सकाळी उठल्यावर तास-दोन तास मूठ वळत नाही, भाकरी थापू म्हटले तर तळवा पसरत नाही, आणि गाईची धार काढू म्हटले तर अंगठा साथ देत नाही. आमच्या बारामती-इंदापूरकडच्या बायका ‘वातानं सांधे धरले’ एवढेच म्हणून पुन्हा कामाला लागतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याच दुखण्याचे नाव ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ असे असते. वार्धक्यात गुडघे झिजतात तो हा विकार नव्हे. शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन-तीन पटींनी अधिक गाठतो, आणि पुष्कळदा ऐन संसार मांडण्याच्या वयात गाठतो.

इंदापूर तालुक्याला तर या विषयाची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी 1981 मध्ये ‘कॉपकॉर्ड’ या नावाने सांध्यांच्या विकारांची लोकवस्तीत जाऊन पाहणी करण्याचा उपक्रम आरंभिला, आणि त्याच पद्धतीने पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी 1996 मध्ये उजनीच्या काठावरील भिगवण गावात घरोघर फिरले. चार हजारांहून अधिक प्रौढांना ‘कुठे दुखते, किती दिवस दुखते’ असे विचारण्यात आले. शंभरातील अठरा जणांनी दुखण्याची तक्रार सांगितली, आणि तपासणीअंती दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात असल्याचे आढळले. दोनशेंत एक हे प्रमाण कागदावर क्षुल्लक दिसते. पण त्या हिशेबाने बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील गावे एकत्र घेतली, की आमवात अंगावर वागवीत गर्भधारणेची वाट पाहणाऱ्या सुना आणि लेकी काही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरत नाहीत.

मुख्य अडचण उपचाराच्या काळाची आहे. या विकारावर सर्वत्र प्रथम दिले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट, ज्याला रुग्ण ‘आठवड्याची गोळी’ म्हणून ओळखतात. ती गुणकारी आहे, स्वस्त आहे, आणि असंख्य स्त्रियांचे हात तिने पुन्हा चालते केले आहेत. परंतु गर्भाला ती घातक आहे, तिच्यामुळे गर्भपात होऊ शकतो किंवा अर्भकात व्यंग राहू शकते, आणि म्हणून गर्भधारणेपूर्वी एक ते तीन महिने ती डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते. लेफ्लुनोमाइड नावाचे दुसरे औषध तर शरीरात इतका दीर्घकाळ रेंगाळते, की ते धुऊन काढण्यासाठी निराळे औषध घ्यावे लागते. आता आपली शासकीय व्यवस्था पाहा: गर्भवतीची नोंद पहिल्या बारा आठवड्यांत व्हावी असा आग्रह आरोग्य खाते धरते, आणि तो सर्वथा योग्य आहे, पण बाळाचे हृदय, हातपाय आणि मेंदू यांची घडण पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच बव्हंशी उरकलेली असते, तेव्हा आरोग्यसेविकेच्या दप्तरात नाव चढेपर्यंत त्या गोळीपासून गर्भाचा बचाव करण्याची वेळ निघून गेलेली असते.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच हानिकारक, आणि माझ्या समजुतीने अधिक प्रचलित आहे. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून, किंवा सासूच्या धाकाने, बाई सगळीच औषधे एका दिवसात टाकून देते. वस्तुतः हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही औषधे, त्यातील दुसरे फॉलिक अ‍ॅसिडच्या जोडीने, गरोदरपणात चालू ठेवता येतात. गरज पडल्यास स्टेरॉइडची अल्प मात्राही वैद्यकीय देखरेखीखाली देता येते. अनिर्बंध भडकलेला आमवात हाच मुदतपूर्व प्रसूतीचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढवतो. वाण्याच्या दुकानातून किंवा ओळखीच्या माणसाकडून आणलेली वेदनाशामक गोळी मात्र विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये, कारण तिचा परिणाम गर्भाच्या मूत्रपिंडावर आणि पुढे हृदयालगतच्या रक्तवाहिनीवर होतो.

निसर्गाने येथे एक विलक्षण सवलतही ठेवली आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांनी गर्भारपणात अनेक स्त्रियांचा आमवात आपोआप ओसरतो हे निरीक्षण 1938 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्या कोड्याचा पिच्छा पुरवता पुरवता कॉर्टिसोनच्या उपचारापर्यंत ते पोहोचले. 1950 चे नोबेल पारितोषिक त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाले ते याच कार्यासाठी. निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा उतार पडतो. वर्षभरापूर्वी ज्या हातावर बांगडी चढत नव्हती त्या हातावर हिरवा चुडा सुखाने उतरतो, आणि घरातली माणसे दुखणे कायमचे गेले असे समजून निश्चिंत होतात.

ते गेलेले नसते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ जणींचा आमवात दुप्पट जोमाने उसळतो, आणि तो नेमका अशा वेळी, जेव्हा साऱ्या घराचे लक्ष पाळण्याकडे लागलेले असते. रात्री तीन वाजता बाळाला उचलायचे आहे, आणि मनगट त्याचा भार पेलत नाही. लंगोटाची गाठ मारायची आहे, आणि बोटांच्या चिमटीत नाडी धरता येत नाही. माहेरची माणसे याला ओल्या बाळंतिणीचा अशक्तपणा समजतात आणि डिंकाचा लाडू पुढे करतात. बाळंतीण स्वतः काही बोलत नाही, कारण लग्न ठरतेवेळी हा आजार सासरी सांगितलेला नसतो. आणि त्या मौनाची किंमत तिचे सांधे आयुष्यभर मोजतात, कारण एकदा वाकडा झालेला सांधा औषधाने सरळ होत नाही.

बारामतीस 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणे शंभर किलोमीटरवर आहे, तेव्हा ज्ञान दूर आहे असे म्हणता येत नाही. दूर आहे तो योग्य वेळी विचारला जाणारा प्रश्न. आशा सेविकेपाशी गावातील जननक्षम जोडप्यांची नोंद असते, आणि नवी सून उंबरठ्यात आली की थोड्याच दिवसांत तिची भेट होते. त्या नोंदवहीत एक रकाना वाढवण्याची तजवीज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने करावी: सकाळी सांधे आखडतात काय, आणि आठवड्याची गोळी चालू आहे काय. होय असे उत्तर आले, की संधिवाताचे आणि प्रसूतीचे अशा दोन्ही डॉक्टरांकडे दिवस जाण्याआधी तिची रवानगी व्हावी, आणि बाळंतपणानंतर दीड व तीन महिन्यांनी आशाताईंनी बाळाचे वजन करताना आईलाही मूठ वळवून दाखवायला सांगावे. भिगवणच्या घराघरांतून असाच साधा प्रश्न विचारीत माणसे 1996 मध्ये हिंडली होती, तेव्हा हे काम या मुलखाच्या आवाक्याबाहेरचे खासच नाही.

आणि ज्यांच्या घरात अशी सून किंवा लेक आहे त्यांना एवढीच विनंती, की पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाताना तिच्यासोबत जा, तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या, आणि मुलाचा विचार आहे ही गोष्ट संकोच न बाळगता पहिल्यांदा सांगा.