अर्ध्या मिलिमीटरची पत्री आणि आपला मापनाचा धडा



मापन हा घटक आपल्या वर्गात फार लवकर संपतो. '१ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर' हे मुलांना तोंडपाठ असतं. शिष्यवृत्तीच्या सरावात त्यावरची गणितंही ती पटापट सोडवतात. पण 'साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची एखादी वस्तू दाखव' म्हटलं की वर्ग गप्प होतो. माझं मत असं आहे की मिलिमीटर आणि अंश ही मापं मुलांच्या बोटांना कळली पाहिजेत, आणि तीही प्राथमिक शाळेतच. हे का, ते सांगायला आज एक वेगळं उदाहरण घेतोय: रेसिंग कारचं चाक आणि त्यामागची शिम.

शिम म्हणजे काय?

दोन भागांच्या मधे घालायची धातूची पातळ पत्री म्हणजे शिम. कल्पना आपल्या ओळखीचीच आहे. कपाट डुगडुगलं की पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालतो. गवंडी जांभ्याचा चिरा नीट बसवायला खाली दगडाची कपची सारतो. फरक इतकाच की शिमची जाडी मोजलेली असते: अर्धा, एक किंवा दोन मिलिमीटर.

चाक मुद्दाम कलतं का ठेवतात?

गुहागरहून वेळणेश्वरला येताना एसटी वळणावर वळली की आपण बाहेरच्या बाजूला झुकतो. गाडीची बॉडीही तशीच झुकते आणि तिच्याबरोबर चाकं कलतात. मग वळणाच्या बाहेरच्या चाकाचा टायर रस्त्यावर सपाट न बसता कडेवर येतो आणि पकड कमी होते. म्हणून रेसिंग कारची चाकं वरच्या बाजूने थोडी आत कललेली ठेवतात. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडी झुकली की हेच चाक सरळ होऊन टायर पूर्ण टेकतो. पण कल जास्त झाला तर सरळ रस्त्यावर टायरची आतली कडच झिजते आणि ब्रेकिंगची पकडही घटते. म्हणजे सगळा खेळ एक-दोन अंशांचा.

आपल्याकडचे इंजिनीयरिंगचे विद्यार्थी अशा एका सीटच्या रेसिंग कार स्वतः बनवतात आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरवतात. मुंबईच्या सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग आणि आयआयटी मुंबईचा संघ ही आपल्या राज्यातली परिचित नावं. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये चाकाचा भार पेलणारा उभा भाग आणि त्याचा वरचा सांधा यांच्यामधे शिम घालून कॅम्बर बदलतात.

हिशोब बघा. समजा वरचा आणि खालचा सांधा यांत २०० मिमी अंतर आहे. वर १ मिमीची शिम घातली किंवा काढली तर चाकाचा कल सुमारे ०.३ अंशाने बदलतो. पूर्ण १ अंश बदलायला साधारण ३.५ मिमी लागतात. आपल्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. तेवढ्या पत्रीने वळणावरची गाडी बदलते!

काम कसं चालतं?

गाडी सपाट जमिनीवर घेतात. टायरमधली हवा ठरल्याप्रमाणे भरतात. चालकाला सीटवर बसवतात किंवा तेवढं वजन ठेवतात. स्टिअरिंग सरळ करून आधी कोन मोजतात. मग बोल्ट ढिले करून शिम घालायची, बोल्ट आवळायचे, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत आहेत की बाहेर, तेही बिघडू शकतं. म्हणून तेही तपासायचं. शेवटी वहीत लिहायचं: डावीकडे किती मिमी, उजवीकडे किती. ट्रॅकवर गाडी बिघडली असं वाटलं तर वही उघडून तेवढ्याच शिमा परत घालता येतात.

आता आपला वर्ग आठवा. पुस्तकातली पेन्सिल ७ सेमी असते आणि उत्तर शिक्षकांना आधीच माहीत असतं. मूल मोजतं ते आपलं उत्तर जुळवायला. इथे उत्तर कुणालाच माहीत नसतं, म्हणून मोजावं लागतं. एका वेळी एकच बदल, पुन्हा मोजणी आणि नोंद, या तीन सवयी लावायला रेसिंग कार लागत नाही.

वर्गात करता येईल असं

साहित्य: ३० सेमीची लाकडी किंवा स्टीलची पट्टी, कोनमापक, झेरॉक्सचे कागद.

१. १०० कागदांची थप्पी दाबून जाडी मोजा. ती साधारण १० मिमी भरते. मग एका कागदाची जाडी किती? मुलांनाच काढू द्या.

२. पट्टीचं शून्याचं टोक बाकावर टेकवा आणि ३० सेमीच्या खुणेखाली कागद रचत जा. कोनमापकावर १० अंश दिसले की थांबा आणि उंची मोजा. ती सुमारे ५२ मिमी येते.

३. मग १ अंशाला किती मिमी? किती कागद?

४. हाच १ अंश २० सेमीच्या खुणेवर हवा असेल तर कागद जास्त लागतील की कमी? आधी अंदाज लिहून घ्या, मग करून बघा.

गटागटांची उत्तरं थोडी वेगळी येतील. येऊ द्या. ती का वेगळी आली, यावरची चर्चा हाच खरा धडा.

'आमच्या मुलांना रेसिंग कार कशाला?'

हा प्रश्न येणारच. कार नको असेल तर घराची भिंत घ्या, ओळंबा घ्या. पण गाडी म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात, त्याचा फायदा आपण का सोडायचा? वेळेचं म्हणाल तर दोन तासिका पुरतात. ज्या मुलाने कागद रचून १ अंश उभा केला, त्याला पाचवीत कोनमापक नुसता समजावत बसावं लागत नाही, म्हणजे वेळ परतही मिळतो.

आमच्या गावातच विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ पासून आहे. गावातली मुलं त्या फाटकावरून रोज जातात, पण 'ते आपल्यासाठी नाही' ही भावना अनेकांच्या मनात असते. ती भावना बारावीच्या गुणांपाशी सुरू होत नाही. यंत्राला हात लावायची, मोजून बघायची भीती त्याआधीच बसलेली असते. ती घालवायचं वय आपल्या वर्गात बसलेलं आहे.

पालकांनाही एक विनंती. घरची सायकल किंवा मोटरसायकल दुरुस्त होत असेल तर मुलाला 'लांब हो' म्हणू नका. हातात पट्टी द्या आणि विचारा, 'किती भरलं रे?'

तुमच्या वर्गात १ अंशाला किती कागद लागले, ते जरूर कळवा.