शत्रू नेमका ओळखणारे औषध

घरात कोणाला ताप आला की औषधांच्या डब्यात उरलेली प्रतिजैविकाची गोळी काढून द्यायची आणि दोन दिवसांत बरे वाटताच राहिलेल्या गोळ्या पुन्हा डब्यात ठेवायच्या, ही सवय अनेक कुटुंबांत आढळते. प्रतिजैविकांच्या अशा अविचारी वापरातूनच औषधांना न जुमानणारे जिवाणू बळावतात. अशा जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला.

या संकटावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांचे लक्ष विषाणूंकडे वळले आहे. जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते, हे इंग्लंडमधील फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये, तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. द’हेरेल यांनी या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफेज’, म्हणजे जिवाणुभक्षक, असे नाव दिले. मनुष्याच्या पेशींत ते वाढत नाहीत. जिवाणूच्या आत मात्र ते आपल्या शेकडो प्रतिकृती घडवतात. बाहेर पडण्याची वेळ आली की त्यांच्यासमोर अडथळा उभा राहतो तो जिवाणूच्या भिंतीचा.

ही भिंत म्हणजे पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची घट्ट विणलेली जाळी. जिवाणूच्या आतील प्रचंड दाब तीच सांभाळून धरते. ती भेदण्यासाठी विषाणू दोन प्रथिने तयार करवून घेतो. ‘होलिन’ हे प्रथिन भिंतीच्या आतील पातळ पटलाला छिद्रे पाडते आणि ‘एंडोलायसिन’ हे विकर त्या छिद्रांतून भिंतीपर्यंत पोहोचून तिची वीण उसवते. भिंत खिळखिळी होताच आतल्या दाबानेच जिवाणू फुटतो. निसर्गात हे तत्त्व अन्यत्रही दिसते. अशीच भिंत कापणारे लायसोझाइम हे विकर मनुष्याच्या अश्रूंत व लाळेत असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याचे वर्णन १९२२ मध्ये केले होते.

विषाणू बाजूला ठेवून केवळ त्याचे विकर बाहेरून जिवाणूवर सोडले तर? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील व्हिन्सेंट फिशेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचे उत्तर दिले. घशाचा संसर्ग घडवणारे सुमारे एक कोटी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असलेल्या मिश्रणात त्यांनी अवघे १० नॅनोग्रॅम विकर मिसळले. पाच सेकंदांत त्यात एकही जिवाणू जिवंत उरला नाही.

या विकराचा खरा गुण वेगापेक्षाही त्याच्या निवडीत आहे. पुष्कळशी प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जिवाणूंचाही संहार करतात. एंडोलायसिनचा एक भाग भिंतीवरील विशिष्ट खूण ओळखून तिथेच चिकटतो आणि दुसरा भाग कापण्याचे काम करतो. ज्याच्या भिंतीवर ती खूण नाही, तो जिवाणू बहुधा सुरक्षित राहतो. औषधोपचारातही जीवहिंसा घडते, ही जाणीव श्रावकाला असते. संकल्पी हिंसेचा तो त्याग करतो. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही. तरीही यतनेने आणि विवेकाने ती शक्य तितकी कमी करणे त्याच्या हाती असते. आवश्यक तेवढेच आणि नेमके मारणारे औषध त्या विवेकाच्या अधिक जवळ जाते.

तथापि जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते. ते बाहेरून आलेल्या विकराला सहसा आत येऊ देत नाही. रक्तातील स्टॅफिलोकॉकस संसर्गासाठी ‘एक्सेबॅकेस’ हे विकर नेहमीच्या प्रतिजैविकांच्या जोडीने देऊन पाहण्यात आले. दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत, मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या रुग्णांपैकी ते मिळालेल्यांत सुमारे ७४ टक्के, तर न मिळालेल्यांत ३१ टक्के रुग्णांना गुण आला. मोठी आशा निर्माण झाली. परंतु तिसऱ्या टप्प्यातील अधिक मोठ्या चाचणीत तो लाभ सिद्ध होण्याची चिन्हे दिसेनात आणि २०२२ मध्ये ती थांबवावी लागली. संशोधन अन्यत्र चालूच आहे, पण पोटात घेण्याच्या प्रतिजैविकाची जागा घेईल असे एंडोलायसिन आज औषधांच्या दुकानात मिळत नाही.

कागदावरचा नफा आणि गल्ल्यात आलेली रक्कम यांतील अंतर व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. येणे असलेल्या रकमेच्या भरवशावर हातचे भांडवल कोणी उधळत नाही. प्रतिजैविके हे पूर्वसूरींनी मिळवून ठेवलेले असेच भांडवल आहे आणि ते नातवंडांपर्यंत पुरले पाहिजे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज गोळी न घेणे, घेतल्यास त्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण करणे आणि एकाची उरलेली गोळी दुसऱ्याला न देणे, एवढा संयम प्रत्येक घराला पाळता येईल. नवे औषध येईल तेव्हा त्याचे स्वागत होईलच. तोवर घरातील औषधांचा डबा आजच एकदा तपासून पाहावा.