वेताळाला आपणच पिशवीत कोंबलं

परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला. इंद्रजाल कॉमिक्सचं एक जुनं मुखपृष्ठ, खाली ‘गेले ते दिवस!’ आणि रडक्या चेहऱ्यांची रांग. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर वर्षातून तीन-चारदा हे श्राद्ध होतं. इतकी वर्षं मीही इमानेइतबारे रडका चेहरा टाकत आलोय. या वेळी नाही टाकला. का, ते सांगतो.

ज्यांचा जन्मच नंतरचा, त्यांच्यासाठी थोडक्यात. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. मधल्या काळात आठशेच्या आसपास अंक निघाले. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही सगळी अमेरिकन वर्तमानपत्रांतून आलेली मंडळी. आबिद सुरतींचा बहादूर (१९७६) तेवढा आपला. इंद्रजाल मराठीतही निघायचं आणि आम्ही तेच वाचायचो. गल्लीत एक अंक यायचा. आठ घरं फिरून परत येईपर्यंत पहिलं पान गायब आणि शेवटच्यावर कुणाच्या तरी आमटीचा डाग.

बंद झालं तेव्हा मी सहावीत होतो. स्टॉलवाले काका नुसतं "आला नाही रे" म्हणायचे. मी कित्येक आठवडे विचारत राहिलो. आमच्या धंद्यात भंगार सॉफ्टवेअर बंद करतानाही आधी नोटीस देतात राव!

ग्रुपवरचं ठरलेलं निदान म्हणजे "टीव्हीने मारलं". थोडं खरं असेलही. पण मग हिंदीतल्या राज कॉमिक्सचं काय? नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा. म्हणजे ‘रामायण’ लागलं की रस्ते ओस पडायचे, तेव्हाचेच हे दोघं. त्यांचा नंतर आलेला डोगा तर चक्क मुंबईचा. टीव्ही त्यांच्याही घरात होताच की. तेव्हा सगळं खापर टीव्हीवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही.

आणि गंमत बघा. वेताळ अमर का, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पहिल्या वेताळाने १५३६ मध्ये कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तो मेला, मुलाने घेतली. असे एकवीस झाले. जंगलाला वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जगतोय. प्रत्यक्षात काय, तर प्रत्येकाने वेळेवर चार्ज दिला. वेताळाचा जनक ली फॉक १९९९ मध्ये गेला, पण त्याच्यानंतरही इतरांनी वेताळ चालू ठेवलाच.

आणि आपण, त्याचे कट्टर भक्त? आपण चार्ज कुणाला दिला?

माझंच सांगतो. माझ्याकडे त्रेचाळीस अंक आहेत. जुन्या बाजारात घासाघीस करून, काहींना हजार-हजार रुपये मोजून घेतलेले. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत. मागे एकदा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने चटणीचा हात पुसत एक अंक उचलला. मी ओरडलो, "हात लावू नकोस!" तिने शांतपणे विचारलं, "मग कशाला आणलेस, बाबा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मराठी अक्षरं जुळवत वाचते आणि मी तिला आजवर एकही अंक वाचून दाखवला नव्हता. प्रकाशकाने छपाई थांबवली, मान्य. पण वाचणं कुणी थांबवलं? आमटीचा डाग पडलेला अंक जिवंत होता. माझे त्रेचाळीस म्हणजे फॉर्मॅलिनमधले बेडूक.

म्हणून गेल्या रविवारी एक पिशवी फोडली. मुलगी अडखळत वाचत होती. "वेताळ म्हणजे विक्रमाच्या पाठीवरचा?" असं विचारून झालं. चौथ्या पानाला कोपरा फाटला. पोटात गोळा आला, पण गप्प बसलो. आता तो अंक शेजारच्या फ्लॅटमध्ये गेलाय. परत येईल की नाही, माहीत नाही.

तुमचं जे काही ‘इंद्रजाल’ असेल, ते कपाटातून काढा. फाटू दे. पुढचा फॉरवर्ड आला, की रडका चेहरा टाकण्याऐवजी एकच विचारा, "शेवटचं कुणाला वाचून दाखवलंस?"

ग्रुपवर मी हेच विचारलं. अजून कुणाचं उत्तर नाही. असो.