दहा तासांवरचं लंडन

मंडळी, आज जरा भांडायचंय. "लंडन काय हो, १० तासांवर तर आहे!" या वाक्याशी.

हे वाक्य हमखास ऐकू येतं ते मयताच्या घरी. पोरगा तिकडे, बाप इकडे गेलेला, आणि ओट्यावर बसलेलं कुणीतरी म्हणतं, "मनात असतं तर पोचला असता." पुतण्या अग्नी देतो आणि पोराच्या कपाळी कायमचा बट्टा लागतो.

हिशोबच करायचा ना? मग नीट करू. मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, थेट विमानाला ९-१० तास. आकडा खोटा नाही, पण तो विमानतळापासून विमानतळापर्यंतचा. माणसं विमानतळावर राहत नाहीत. ती मुदखेडला राहतात!

आता मुंबईहून पुढचं बघा. मुंबई-नांदेड सरळ रेषेत जेमतेम ४७० किलोमीटर, रेल्वेने सुमारे ६१०. वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली, तिलासुद्धा साडेनऊ तास लागतात. मुदखेडला थांबणाऱ्या देवगिरी-नंदिग्रामला १२-१३ तास. म्हणजे सात समुद्रांपेक्षा मनमाड-परभणी लांब! त्यात तिकडचा घर ते विमानतळ प्रवास, विमानाआधीचे ३ तास, मुंबईत उतरून स्टेशन गाठणं, गाडीची वाट बघणं हे सगळं मिळवा. ३० तास सहज होतात. तिकीट मिळणं, रजा मिळणं वेगळंच. आपल्याकडे मयत किती वेळ ठेवतात, ते मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, हैदराबादला उतरावं. जरूर. तिथून गाडी करून ५-६ तास. तरी घर ते घर २२-२४ तास होतातच.

आणि नांदेडचा विमानतळ? गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी २००८ मध्ये तो नव्याने सजला. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान' योजनेत हैदराबादचं विमान सुरू झालं. २०२२ मध्ये ती कंपनीच बंद पडली. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमानं आली. विमानसेवा अशी सणासारखी येऊन जाणार असेल, तर अडीअडचणीला तिचा भरवसा कोण धरणार?

माझं म्हणणं एवढंच. जग जवळ आलं म्हणतात, ते मुंबई-हैदराबादपर्यंत आलंय. पुढचं अंतर कमी करणं पोराच्या हातात नाही. मुदखेड-परभणी रूळ दुहेरी झाला, परभणीपासून संभाजीनगरकडे अजून एकेरीच आहे. क्रॉसिंगला गाडी थांबते ती तिथे. जाब विचारायचाच असेल तर त्याबद्दल विचारा, आणि ज्याला मतं दिलीत त्याला विचारा. पोराला आधी "जेवलास का?" एवढंच विचारा.