पदक आल्यावर येणाऱ्यांनो

पोरगं पदक घेऊन उतरलं की तुम्ही हार घेऊन हजर. उघडी जीप, गुलाल, बँजो, आणि फ्लेक्सवर पोरापेक्षा तुमचंच थोबाड मोठं. आमचा सवाल साधा आहे. हेच पोरगं पंधरा वर्षांचं होतं, मुरमाच्या मैदानावर अनवाणी पळत होतं, घरी जाऊन शिळी भाकर पाण्यात बुडवून खात होतं, तेव्हा तुम्ही कुठल्या बिळात दडून बसला होता?

कॉलेजात, नोकरीत आम्ही हक्काची जागा मागितली की तुम्हाला गुणवत्ता आठवते. चला, मैदानावर या. घड्याळ कुणाचं आडनाव विचारत नाही, टेप कुणाच्या बापाला ओळखत नाही. पण त्या घड्याळासमोर उभं राहायच्या आधी पाच-सहा वर्षं पोट भरावं लागतं, आणि तिथंच आमची पोरं कापली जातात. चौदा ते वीस. एवढ्या काळात जो तगला तो खेळाडू. जो गळला तो वीटभट्टीवर, ऊसतोडीला, नाहीतर नाक्यावर.

पळवणकर बाळू घ्या. १८७६ चा जन्म, चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी झाडायचा आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. त्याला मैदानावर आणलं ते झाडूनं. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्याला संघात घेतला. त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा, चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पठ्ठ्यानं शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, ते मिळायला १९२३ उजाडलं. (१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं याच बाळूला बाबासाहेबांविरुद्ध उभा केला. ज्याला कपबशी दिली नव्हती तो मतं फोडायला बरोबर आठवला.)

खाशाबा जाधव आमच्या जातीचा नव्हता. गोळेश्वरचा मराठा गडी. १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यानं आणलं. कसा गेला? गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९८४ ला खाशाबा अपघातात गेला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा. आता विचार करा. ज्याच्या मागं गाव होतं, कॉलेज होतं, घर गहाण टाकणारा प्राचार्य होता, त्याची ही तऱ्हा. मग ज्याच्या मागं गावकुसाबाहेरची चार पत्र्याची घरं आहेत, त्यानं काय गहाण टाकायचं? पत्रे?

जुनं झालं ते, म्हणाल. आजचं बघू. पॅरिसला २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं नेमबाजीत कांस्य आणलं. पोरगा सरकारच्याच क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. म्हणजे वेळेवर जागा दिली, प्रशिक्षक दिला तर पदक येतं, हे सरकारला माहीत आहे. माहीत असूनही प्रबोधिनीत जागा मोजक्याच. आणि स्वप्नीलच्या शिक्षक बापालासुद्धा पोराच्या खेळासाठी कर्ज काढावं लागलं. पगाराच्या चिठ्ठीवर बँक कर्ज देते. नाक्यावरच्या मजुराला बँकेचा शिपाई आत घेत नाही.

दिल्लीच्या योजना आहेत. टॉप्सच्या यादीत वर पोचलात तर महिन्याला ५०,०००. खेलो इंडियात निवड झाली तर १०,००० हातखर्च. चांगलं आहे, आम्ही नावं ठेवत नाही. पण तिथवर पोचलेल्यालाच ते मिळतं, आणि पोचायचा खर्च कुणी द्यायचा? प्रशिक्षक म्हणतो अंडी खा, दूध पी. घरात चहा कोरा. स्पाइक्सचा एक जोड म्हणजे बापाची आठवड्याची मजुरी, आणि मुरमावर तो सहा महिन्यांत फाटतो. निवड चाचणी बालेवाडीला, म्हणून रात्रभर एसटीत उभं राहायचं, स्टँडवर दोन तास आडवं व्हायचं आणि सकाळी सातला वसतिगृहात झोपून, केळी-बदाम खाऊन आलेल्या पोराशेजारी उभं राहायचं. सेकंदाच्या दहाव्या भागानं मागं पडला की साहेब म्हणणार, 'टॅलेंट आहे रे, पण स्टॅमिना कमी पडतो.' स्टॅमिना काय झाडाला लागतो, साहेब?

पोरींचं तर दुहेरी मरण. पाणी भरून, भावंडं सांभाळून पळायचं आणि वर चड्डी घालून पळते म्हणून टोमणे ऐकायचे. एवढं सोसून वर गेलीच तरी सुटका नाही. वंदना कटारियानं २०२१ ला टोकियोत हॉकीत हॅटट्रिक केली. ऑलिंपिकमध्ये भारताच्या बाईनं केलेली पहिली. चार दिवसांनी संघ उपांत्य सामना हरला, तर हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर सवर्ण टोळकं फटाके फोडून नाचलं आणि जातीवरून शिव्या दिल्या. देश हरला याचा ह्यांना आनंद. आणि राष्ट्रप्रेम आम्हाला शिकवणार!

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. आईबाप वीटभट्टीवर. शाळेला सहा किलोमीटर जायचं-यायचं. एवढं पळणारं पोरगं कुठल्या क्रीडा अधिकाऱ्याला दिसलं? तो फौजेत भरती झाला, सियाचीनला राहून आला आणि २०१५ ला तिथंच पळायला लागला. २०२२ ला बर्मिंगहॅमला स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ ला हांगझोऊला आशियाई सुवर्ण. त्याची पलटण कुठली? महार रेजिमेंट. जिच्यासाठी बाबासाहेब सरकारशी भांडले आणि जी १९४१ ला उभी राहिली, ती. दोन वेळचं जेवण, पायात बूट आणि सरावाला वेळ, एवढंच त्या पोराला लागत होतं. ते त्याला शाळेत असताना मिळालं असतं तर?

आणि बक्षिसांची नावं बघा. प्रशिक्षकाला मोठ्यात मोठा मान कुणाच्या नावानं? द्रोणाचार्याच्या. ज्यानं रानातल्या पोराचा अंगठा कापून घेतला, त्याच्या नावानं १९८५ पासून पुरस्कार देतात आणि कुणाला लाज वाटत नाही!

आम्ही भीक मागत नाही. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा आमचा आहे. २०२५ ला सामाजिक न्याय खात्याचा पैसा दुसऱ्या योजनेकडे वळवला म्हणून खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यानं बोंब मारली. तो पैसा परत आणा. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहाला मैदान द्या, प्रशिक्षक द्या, ताटात रोज अंडी द्या. जिल्ह्यात पहिल्या आठात आलेल्या प्रत्येक पोरा-पोरीला चौदाव्या वर्षापासून महिन्याच्या एक तारखेला खात्यात पैसे. चाचणीला यायचं एसटी भाडं आणि आदल्या रात्रीचा मुक्काम सरकारचा. खेळाडूंच्या पाच टक्के जागांवर बोगस प्रमाणपत्रं घेऊन बसलेत त्यांना हाकला, तिथं खरे घाम गाळणारे बसवा. आणि चाचणी संपली की प्रत्येकाची वेळ, प्रत्येकाची उडी त्याच संध्याकाळी मैदानाच्या फाटकावर लावा. कुणाला घेतलं, कुणाला टाकलं, आम्ही वाचून घेऊ.