पायलट व्हायचंय? गाळा विकण्याआधी हा हिशोब मांडा

माझ्या दुकानासमोर एका काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या वर्षी एका दुपारी ते माझ्या काउंटरवर येऊन बसले. मुलगी बारावी सायन्स झालेली आणि तिला पायलट व्हायचंय. एका अ‍ॅकॅडमीने 55 लाख फी सांगितलेली आणि "सीट भरत आलीय, दोन लाख आजच टाका" म्हणून रोज फोन. काका म्हणाले, "तू लोकांना धंदा शिकवतोस ना? मग सांग, दुसरा गाळा विकू का?"

त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो. माझं मत स्पष्ट आहे. पायलटच्या शिक्षणाकडे कॉलेजची फी म्हणून बघू नका. नवीन दुकान टाकताना भांडवल मोजतो, तसं मोजा.

आता दुकान टाकताना आपण काय धरतो? फक्त डिपॉझिट? नाही ना. फर्निचर, माल आणि पहिला गल्ला नीट सुरू होईपर्यंतचा घरखर्च, सगळं धरतो. इथेही तसंच आहे. खर्च लायसन्सपर्यंतचा धरू नका, पहिल्या पगारापर्यंतचा धरा.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी डीजीसीएच्या नियमाप्रमाणे 200 तासांचं फ्लाइंग लागतं. मुख्य पैसा तिथेच जातो. उदाहरण म्हणून तासाला 20 हजार धरा, झाले 40 लाख. विमान, इंधन, इन्स्ट्रक्टर, मेंटेनन्स, सगळं त्या तासात बसलेलं असतं, म्हणून तो तास स्वस्त होत नाही.

मी आणि काकांनी बिलबुकाच्या मागे हिशोब मांडला. फी 55 लाख. दोन वर्षं राहणं-खाणं 5 लाख. परीक्षा, मेडिकल, हेडसेट आणि चुकून जास्तीचे तास लागले तर त्याचे, मिळून 3 लाख. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस 320 सारखं ठरावीक मोठं विमान चालवायचं वेगळं ट्रेनिंग. ते बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून करावं लागतं. त्याचे 17 लाख धरले. बेरीज 80 लाख! काका दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत.

बरं, कर्ज काढू म्हटलं तर साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. म्हणजे गाळा विकला नाही तरी अडकतोच. 60 लाख कर्ज, 11 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत धरली तर हप्ता येतो महिन्याला 82 हजारांच्या पुढे. 60 लाखांचे जवळपास 99 लाख फेडायचे. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही.

आणि लायसन्स हातात आलं म्हणजे नोकरी आली असं नाही. जेट एअरवेज 2019 च्या एप्रिलमध्ये थांबली, गो फर्स्ट 2023 च्या मे महिन्यात. एक कंपनी बंद पडली की हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात येतात, आणि नव्या मुलांना त्यांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून एक ते दीड वर्ष पगाराशिवाय हप्ता कसा भरणार, याचं उत्तर आधी पाहिजे.

मग काय, स्वप्न सोडायचं? अजिबात नाही. "हे श्रीमंतांचं काम, आपलं नाही" म्हणणारे मला पटत नाहीत. आणि "दोन वर्षांत लाखांत पगार" सांगणारे एजंट तर त्याहून पटत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की खर्चाचा क्रम बदला. जी गोष्ट स्वस्त आहे आणि जिच्यावर सगळं अडू शकतं, ती आधी करा.

सगळ्यात आधी मेडिकल. क्लास 2 आणि मग क्लास 1. हा खर्च काही हजारांत होतो. डोळ्यांत रंगदोष निघाला किंवा दुसरं काही अडलं, तर ते फी भरायच्या आधी कळलेलं बरं. मग नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल या लेखी परीक्षांची तयारी. इथेच कळतं की मुलाला खरंच झेपतंय का, की नुसत्या युनिफॉर्मचं आकर्षण आहे.

त्यानंतर फ्लाइंग स्कूल. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर इथे ट्रेनिंग होतं. प्रत्यक्ष जा. शिकणाऱ्या मुलांना चहा पाजा आणि विचारा, आज उडण्याच्या स्थितीत विमानं किती? इन्स्ट्रक्टर किती? मागच्या बॅचला 200 तास पूर्ण करायला किती महिने लागले? पावसाळ्यात फ्लाइंग रखडतं, पार्ट न मिळाल्याने विमान उभं राहतं, आणि मुलगा हॉस्टेलचं भाडं भरत बसतो. फी एकरकमी देऊ नका. जेवढं फ्लाइंग तेवढे पैसे, आणि मध्येच सोडलं तर परत किती मिळणार, हे दोन्ही लेखी घ्या. आपण व्यापाऱ्याला माल न बघता पूर्ण ॲडव्हान्स देतो का?

काकांनी ते दोन लाख भरले नाहीत. मुलीचं मेडिकल झालं, दोन्ही क्लास पास. आता ती सकाळी अभ्यास करते आणि दुपारी वडिलांच्या दुकानात बिलिंग बघते. दोन पेपर निघालेत. फी आता काकांच्या 55 वर नाही, त्या 80 च्या हिशोबाने उभी करायचं चाललंय. थोडी बचत, थोडं कर्ज. गाळा अजून आहे, त्याचं भाडं तिच्या खात्यात साठतंय.

परवा ती माझ्याकडे पेन घ्यायला आली आणि म्हणाली, "दादा, सीट तर अजूनही भरलेली नाही त्यांची. कालच परत फोन आला होता."

लक्षात ठेवा, घाई विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसावी. भेटू पुढच्या व्हिडिओत.